हात लावून सांग

दादांना कंपनीने गादीची, चाकांची खुर्ची दिली होती. तिच्या पाठीवर त्यांचा टॉवेल असे आणि गादीवर जेवणाचा डबा. दादा स्वतः तिच्यावर कधी बसत नसत. पनवेलहून उरणकडे जाताना रस्त्याला कंटेनरची यार्डं लागतात, त्यांतल्या एकात मी गेटपासच्या खिडकीवर होते आणि दादा शेजारच्या केबिनमध्ये वजनकाट्यावर. ट्रेलर काट्यावर चढला की आकडा बघायचा, पावती काढायची, तो उतरला की पुढच्याची वाट बघायची. जगात बसून करायची जी काही कामं आहेत त्यांत हे अगदी वरचं, आणि ते नेमकं या माणसाला कुणी दिलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दोन ट्रेलरांच्या मध्ये मिनिटभर सापडलं तरी दादा बाहेर. एकदा आभाळ बघायला, एकदा खांबाला बांधलेली चिंधी कुठल्या बाजूला उडतेय ते बघायला, एकदा मागच्या गटाराचं पाणी चढलं की उतरलं ते बघायला. आकडा उभ्याने लिहायचे, चहा उभ्याने प्यायचे. तांदळाची भाकरी आणि सुकट तळहातावर घेऊन केबिनच्या दारातच जेवायचे, एक पाय आत, एक बाहेर. पन्नाशी उलटलेला काटक माणूस. शर्ट नीट खोचलेला, पण पँटचा एक पाय कायम दुमडलेला आणि नखांत चिखल. मी कधी म्हटलंच की दादा, दोन घास बसून खा, तर म्हणायचे, "बसला तो भिजला, बाय."

ही म्हण मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. बहुधा त्यांनीच केली असावी.

ते खाडीकाठच्या आगरी घरातले आणि मी घाटावरची, लग्न करून कामोठ्यात सहाव्या मजल्यावर येऊन पडलेली. आमच्याकडे पाऊस आला तर आला म्हणतात. हे गृहस्थ पावसाचं वजन करायचे. मी नवीन असताना एकदा मला हाक मारली, "बाय, इकडं ये, गंमत बग." काटा रिकामा होता. बाहेर नुकती सर येऊन गेली होती आणि आतल्या आकड्यांच्या पेटीवर चाळीस दिसत होते. "चालीस किलो पाऊस परला," दादा म्हणाले, आणि लगेच वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून टिपून घेतलं. काट्याच्या लोखंडी फळीवर साचलेलं पाणी काटा इमानदारीने मोजतो, हे खरंच आहे. म्हणून तर प्रत्येक गाडीआधी शून्याचं बटण दाबायचं असतं. पण दादांना शून्य करायची घाई नसे. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून उभा आणि हे आत थांबून बघतायत, चाळीसचे पन्नास होतात का.

त्यावरून आमच्या साहेबांचं आणि त्यांचं रोज वाजायचं. साहेब वाईट नव्हते. रांग रस्त्यावर गेली की त्यांनाही वरून बोलणी बसत. ते म्हणायचे, "दादा, पावसाची नोंद हवामान खातं ठेवतं." दादा म्हणायचे, "ते कुलाब्याला ठेवतंत. आमी इथं राहतो."

आता त्या फोनबद्दल सांगायला हवं, कारण दादा म्हणजे तो फोन.

महिनाअखेरीला एकदा आम्हाला दोघांनाही पहाटपाळी लागली होती. पावणेसातला दादांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि स्वतः दारात जाऊन उभे राहिले. पलीकडून कुणी हॅलो म्हटलं नाही. एक घोगरा आवाज म्हणाला, "वारा पडलाय. पानी तेलावानी. जालं धुऊन टाकलंय." मग कामाआधी शेतावर जाऊन आलेले दादा दारातूनच ओरडले, "बांधावर सात भोकं, सातही बुजवली. रोपाला पान फुटलंय." मग तिसरा आवाज, जरा शहरी, "म्हस उभी हाय. कुट्टी केली. दूध कालच्याहून तांब्याभर कमी." एवढं झालं आणि तिघंही गप्प. मला वाटलं फोन कट झाला. नव्हता. तिघं मिळून त्या बातम्यांवर विचार करत होते.

पहिला आवाज उरणच्या नाखव्याचा. त्याची स्वतःची छोटी होडी. तिसरा ओवे गावातल्याचा, ज्याची शेतं कधीच इमारतींखाली गेली होती. आता तो चार मजल्यांचा घरमालक होता, पण इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत त्याने म्हैस बांधलेली होती आणि भाडेकरूंनी कितीही आरडाओरडा केला तरी तो ती हलवत नव्हता. तिघं लहानपणी एका शाळेत, एका बाकावर. दादांना बाकावर बसवणं तेव्हाच्या मास्तरांनाही जमलं नाही, असं नाखवा सांगायचा.

त्या सकाळी नाखव्याला माझा खोकला ऐकू गेला. "कोन हाय रं तिथं?" दादा म्हणाले, आमच्या गेटवरची बाय. "मंग तिला इचार, तिच्याकडं काय?"

मी झोपमोड झालेली, चिडलेली. म्हटलं, "माझ्याकडे काय असणार? तीन दिवस झाले, कपडे वाळत नाहीयेत."

मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. नाखव्याने विचारलं, कितवा मजला. ओवेवाल्याने विचारलं, बाल्कनीचं तोंड कुठे. खाडीकडे, म्हटल्यावर त्याने 'च्च' असा आवाज केला. दादांनी विचारलं, "दोरी छपराखाली का भाहेर? जाडं कापड का पातल?" पाच मिनिटं माझ्या धुण्यावर ते तिघं बोलत होते, आणि मला माझ्या माहेरीसासरी कुणी एवढं मन लावून कधी काही विचारलेलं आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी असताना पावणेसातला माझा मोबाइल वाजला. मी उचलला तर नाखवा सांगत होता, "लाटा हाईत, पन बारीक." मी चौथी झाले होते.

माझा नवरा म्हणायचा, तुझं हवामान खातं उठलं का? मी रागवायचे, पण पावणेसात वाजत आले की हातातलं काम सुचायचं नाही. या फोनचे नियम मला कुणी सांगितले नाहीत, चुकूनमाकून कळत गेले. कसा आहेस, असं विचारायचं नाही. आवाज आला म्हणजे आहे. दुखणीखुपणी सांगायची नाहीत, ती बायकांना सांगायची, असं नाखवा म्हणे, मग मी आल्यावर त्याने ते वाक्य बदललं. आणि जमिनीचा भाव काढायचा नाही. आमच्या या पट्ट्यात दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला गुंठ्याचा भाव निघतो. एकदा ओवेवाला बोलताबोलता म्हणून गेला, "आमच्या बाजूला आता गुंठ्याला..." आणि खट, खट, दोन फोन बंद. मी आणि तो उरलो. तो बिचारा मला म्हणाला, "बाय, तू तरी ऐक, म्हस बरी हाय."

सगळ्यांत कडक नियम दादांचा. बातमी स्वतः बघितलेली हवी. मोबाइलवर ढगाचं चित्र दिसतंय, टीव्हीवर सांगितलं, हे चालायचं नाही. मी "कपडे वाळलेत" म्हटलं की पलीकडून हमखास यायचं, "हात लावून सांग." मी बाल्कनीत जायचे, कॉलरला, खिशाच्या शिवणीला हात लावायचे. तिथे ओल सगळ्यांत शेवटपर्यंत राहते, हे मला दादांनी शिकवलं. रात्रभर बाहेर असलेला कपडा सकाळी शिवणीत कोरडा असेल तर वारा डोंगराकडून येतोय, कोरडा. नाखवा त्याला मतलई म्हणायचा. कॉलर दमट असेल तर वारा खाडीवरचा आणि दिवसाचा भरवसा नाही. सहा मजले उंच माझी दोरी, तिथे दादांच्या बांधापेक्षा आधी कळायचं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा. घाटावरच्या माझ्या वडिलांची बागायती, पण आभाळातलं मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत दादांनी मला त्यांचं शेत दाखवायला नेलं. माझ्या स्कूटीवर मागे बसले, म्हणजे अर्धे उभेच होते. यार्डापासून दहा मिनिटं. दीड एकर खारजमीन, एका बाजूला खाडीचा बांध आणि बाकी तिन्ही बाजूंना मुरमाचा भराव पुरुषभर उंच, त्यावर ट्रेलर उभे. मध्ये हे शेत, ताटात वाटी ठेवावी तसं खोल आणि हिरवं. गावातलं शेवटचं. त्यात तांबड्या तांदळाचा राता पिकायचा, खारं पाणी थोडंफार सोसणारा. दादा बांधावरून टाच दाबत दाबत चालत होते. टाच घसरली की वाकून बघायचे, खेकड्याने भोक पाडलंय का.

"हे चिंबोरीचं भोक. बोटायेवढं हाय. उधानाला यातनंच खाडी आत येते. मंग तीन वरसं काय पिकत नाय." त्यांनी मूठभर चिखलात पेंढा मळला, भोकात कोंबला आणि वर टाच मारली. "रोज बगायला लागतं. चिंबोरी सुट्टी घेत नाय."

मी विचारलं, मुलगा करतो का मदत? तेव्हा त्यांनी मला तो शब्द सांगितला, जो त्यांनी स्वतः देऊन ठेवला होता. मुलगा कर्ता, लग्न झालेला. स्वतःचे दोन ट्रेलर चालवायचा आणि ते उभे करायला दुसऱ्याच्या जागेत जायचा. घरची जागा असून. एका गणपतीत सगळे पाहुणे घरात असताना बापलेकांची जुंपली आणि दादा रागाच्या भरात बोलून गेले, ज्या वर्षी या शेतातनं घरचा वर्षभराचा तांदूळ येणार नाही, त्या वर्षी खुशाल भराव घाल, मी आडवा येणार नाही. मुलाने मान डोलावली आणि विषय संपला. त्याला सात वर्षं झाली होती. सातही वर्षं तांदूळ पुरला होता.

"आणि नाही पुरला तर?" मी विचारलं.

"पुरतो," दादा म्हणाले, आणि पुढच्या भोकाकडे गेले.

दसरा होऊन गेला होता तेव्हाची गोष्ट. भात कापून रानात वाळत पसरलेलं होतं, दोन दिवस झाले होते. भारे बांधून घरी आणले की झालं. त्याच आठवड्यात यार्डात एक प्रकरण घडलं होतं. दादा आभाळ बघायला बाहेर गेले ते काट्यामागच्या टाकीवर चढले, आणि तेवढ्यात रांग हमरस्त्यावर गेली. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या वेळी काटा सोडलात तर घरी बसायचं." घरी बसायचं. दादांचा चेहरा मी पाहिला. त्यांना कुणी शिवी दिली असती तरी एवढी लागली नसती.

शनिवारची सकाळ. पावणेसातला फोन. नाखवा समुद्रात होता, रेंज नव्हती. ओवेवाला म्हणाला, "म्हस बसलीय, उठत नाय. आता हिचं काय समजायचं?" दादा बांधावरून म्हणाले, आभाळ पांढरं आहे, काही कळत नाही. मग मला विचारलं, "बाय, कापडं?"

मी त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात होते. फोन खांद्यात धरलेला, दूध गॅसवर, कुकरची दुसरी शिट्टी. नवऱ्याला मीटिंग होती आणि त्याला निळाच शर्ट हवा होता. तो शर्ट मी दोरीवरून ओढून आणला होता आणि त्याच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते. इस्त्रीखालून वाफ निघत होती. मी ते बघत होते आणि तोंडाने म्हणत होते, "वाळलेत दादा, खडखडीत."

"हात लावलास?"

"हो, हातच आहे शर्टावर."

हे खरंच होतं. हात शर्टावरच होता. त्या वाफेचा अर्थ मला लागत नव्हता असं मी म्हणणार नाही. मी अर्थ लावायला थांबलेच नाही. घरात दिवसातून शंभरदा कुणी विचारतं, झालं का, आणि आपण हो हो म्हणत पुढे जातो, तसं मी त्यांनाही हो म्हटलं.

"मंग आज राहू दे रानात," दादा म्हणाले. "मतलई हाय मंजे. उद्या रविवार, सगली घरात हाईत. उद्या भारे बांदू." त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ओले म्हटलं असतं तर त्यांना त्या दिवशी कामावर येता आलं नसतं.

यार्डात पोचले तर बघते काय, दादा खुर्चीत बसलेले. डबा टेबलावर, टॉवेल गळ्यात, दोन्ही हात गुडघ्यांवर, बायोडेटाच्या फोटोला बसावं तसे. मी म्हटलं, "अगंबाई, दादा बसले! आज फोटो काढते." ते कसनुसं हसले. अख्खी सकाळ ते बसून होते. पाय मात्र टेबलाखाली हलत होते, ते मला खिडकीतून दिसत होतं.

तीनच्या सुमाराला माझ्याकडे एक ड्रायव्हर कागदांसाठी भांडत होता. यार्डातल्या यंत्रांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मी सहज केबिनकडे पाहिलं. दादा आकड्यांच्या पेटीकडे बघत होते. काट्यावर गाडी नव्हती आणि पेटीवर दहा दिसत होते. मग वीस. दादांनी शून्याचं बटण दाबलं. शून्य आलं. परत दहा, वीस, तीस. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, जोरात, अंगठ्याने, जसं काही चूक यंत्राचीच होती. आकडा परत चढायला लागला.

ते उठले आणि निघाले. रांगेत अकरा ट्रेलर होते. पहिला काट्यावर चढत होता, त्याच्या समोरून ते गेले. हॉर्न सुरू झाले. साहेब आपल्या काचेच्या खोलीत उभे राहिले, ते पाहून मी स्कूटीची किल्ली घेऊन दादांमागे धावले.

त्यांना मागे बसवलं. आम्ही पोचलो तेव्हा शेतात घोट्याच्या वर पाणी आलं होतं. तिन्ही बाजूंच्या भरावावरून ओघळ आत येत होते, वाटीत यावे तसे. काकू, म्हणजे दादांच्या मंडळी, एकट्याच पदर खोचून कापलेलं भात कवटाळून बांधावर नेऊन टाकत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू कशाला आलीस गो? कापडं खराब व्हतील." मी सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि पाण्यात उतरले. ओलं भात किती जड असतं, याची मला कल्पना नव्हती. दोन पेंढ्या उचलल्या की कमरेत कळ यायची. कणसं चिखलात लोळलेली, दाणे हाताला लागून सुटत होते.

थोड्या वेळाने भरावावर एक ट्रेलर येऊन थांबला आणि दादांचा मुलगा खाली उतरला. त्याच्या खांद्यावर ट्रेलरची ताडपत्री होती. तो पाऊस त्याच्या फायद्याचा होता आणि हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. तो सरळ पाण्यात आला, ताडपत्री बांधावर पसरली, आणि आमच्या चौघांच्यात सगळ्यांत जास्त भात त्याने ओढलं. संध्याकाळपर्यंत ओढत होता.

अंधारायला आलं तेव्हा दादा बांधावर उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले. मला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती. म्हटलं, "दादा, सकाळी कपडे ओले होते. मी इस्त्री करत होते. वाफ निघत होती. मी खोटं बोलले."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुर्र आवाज आलेला मना फोनमदी."

"मग?"

"मना पन तेच ऐकायचं व्हतं, बाय." मग बांधावर टाच दाबत, "कामावर यायचं व्हतं ना."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या रात्री वाटलं आणि अजून वाटतं. नवरा म्हणाला, पाऊस काय तू पाडलास? नाही पाडला. शर्ट मात्र मीच इस्त्री केला होता.

पुढचे आठ दिवस ते भात वाळवण्यात गेले. ओवेवाल्याने आपल्या इमारतीखालच्या सगळ्या मोटरसायकली बाहेर काढल्या, भाडेकरूंशी भांडून चार पंखे आणले आणि पेंढ्या पसरल्या. म्हशीने त्यातलं जे मिळेल ते खाल्लं. नाखवा समुद्रावरून आला तो स्वतःलाच शिव्या देत, की नेमका त्या दिवशी मी नव्हतो. मी कामावरून सुटले की तिथे जाऊन भात उलटवायचे. तिघंही मला म्हणायचे, बाय, केवढं करतेस. दादांनी त्या दोघांना काही सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. मी तेवढी धीट नाही.

दादांची नोकरी अर्थात गेली. माझं ताकिदीवर भागलं. साहेबांनी हिशेबाचा कागद त्यांच्या घरी पाठवला आणि मला विचारलं, "त्यांचा टॉवेल राहिलाय, तुम्ही नेऊन द्याल का?"

झोडणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा फोन. नाखव्याने वारा सांगितला. मग दादांची पाळी. ते रोजच्याच आवाजात म्हणाले, "झोडनी झाली. निम्म्या दान्याला मोड आलाय. सा म्हयन्यांचा तांदूल हाय. वरसाचा नाय."

मग ओवेवाला म्हणाला, "अरं, पन कोनाला कलतंय? माज्याकडनं पोती ने आनि ठेव कोठीत. पोरगा काय दानं मोजायला येनार हाय?"

"नाय येनार."

"मंग?"

"काल रातच्याला जेवताना सांगितलं त्याला. सा म्हयने बोललो." पलीकडे दादा चालत होते, चिखलातून पाय उपसल्याचा आवाज येत होता. "बातमी हाय ती. कमीजास्त कशी करनार?"

नाखव्याने एक अस्सल शिवी हासडली, दादांना की पावसाला ते कळलं नाही. मी बाल्कनीच्या दारात उभी होते आणि माझे कान जळत होते. माझ्या एका 'हो'ने त्यांचं शेत गेलं होतं, आणि एक खोटं बोलून ते वाचत असताना त्यांनी ते बोलायचं नाकारलं होतं. मला वाटलं, आता माझी पाळी येणारच नाही. त्यांनी मला वगळलं तर मी कुठल्या तोंडाने विचारणार होते?

"बाय," दादा म्हणाले, "कापडं?"

मी बाल्कनीत गेले. कॉलर बोटांत धरली. "ओली आहे दादा. शिवणसुद्धा."

"बरं," ते म्हणाले.

दिवाळीनंतर महिनाभरात भराव पडला. मुलाने आपले दोन आणि भाड्याने इतरांचे ट्रेलर आणून उभे केले. वडिलांना काहीतरी काम असावं म्हणून त्याने तिथे फाटकाशी एक छपरी बांधली आणि प्लास्टिकची खुर्ची ठेवली. काकू सांगतात, खुर्चीवर कावळे बसतात. दादा सकाळपासून त्या भरावावर येरझाऱ्या घालतात, काठाकाठाने, टाच दाबत. मुरमात चिंबोरी भोक पाडत नाही, हे त्यांना माहीत आहे. टाच ऐकत नाही. फोनवर त्यांची बातमी येते, "नऊ गाड्या व्हत्या. कोपऱ्यातली माती ओली हाय. खालनं पानी वर येतंय, खारं." कोपऱ्यात एकदा भाताची दोन रोपं उगवली होती, तीही त्यांनी सांगितली. चार दिवसांनी सांगितलं, गाडी गेली वरून.

मी अजून त्याच खिडकीवर आहे. काट्यावर आता एक नवीन गृहस्थ बसतात, आणि चांगले बसतात. मला मात्र ते स्वस्थ बसणं सोसत नाही. पाऊस आला की मी कागद टाकून केबिनच्या दाराशी जाते, आकडा चढतोय का बघायला. ते गृहस्थ माझ्याकडे बघतात आणि शून्याचं बटण दाबतात. घरी पहाटे पाचपासून मला जाग असते. पावणेसात व्हायच्या आत मी तीन वेळा बाल्कनीत जाऊन येते, आणि नवरा पांघरुणातून म्हणतो, अगं, कपडे आहेत ते, पळून नाही जात.

यंदाही दसरा झाला. परवा सकाळी फोन वाजला. नाखवा म्हणाला, पाणी निवळ आहे, सुरमई लागतेय. ओवेवाला म्हणाला, म्हस उभी. दादांनी गाड्या सांगितल्या आणि मग विचारलं, "बाय, कापडं?"

मी तिथेच उभी होते. तोच निळा शर्ट दोरीवर होता. "वाळलेत दादा. कॉलर, खिसा, शिवण, सगळीकडे हात लावून सांगते. पार कोरडे आहेत."

पलीकडे एक ट्रेलर मागे येत होता, त्याचा पीं पीं आवाज. तो थांबला.

"मंजे मतलई हाय," ते म्हणाले. "आज भात रानात राहिलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं असतं, दादा," मी म्हणाले.